लाओग्वे बोक्याची साखर

२ मार्च, कीलुंग

ही वही खरं तर जहाजाच्या इंजिनाच्या नोंदींसाठी आहे. रकाने छापलेले आहेत: वेळ, तापमान, दाब, तेल. शेवटच्या जहाजावरून उतरताना एक कोरी वही बरोबर आणली होती. आता तीत बोक्याची साखर लिहायची आहे.

हकीकत अशी. माझी बायको मेइताओ परवा बाजाराच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लॅस्टर, सहा आठवडे. हॉस्पिटलात ती प्लॅस्टर घालून बाहेर आली. मग पहिलं वाक्य बोलली ते हे : "आता लाओग्वेला इन्सुलिन कोण देणार?"

नर्सनं थोड्याच वेळापूर्वी माझा धंदा विचारला होता. जहाजावर लाओग्वे आहे, म्हणजे चीफ इंजिनिअर, असं मी सांगितलं होतं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, तुम्हाला डायबिटीस आहे हे आधी नाही का सांगायचं?"

डायबिटीस मला नाही, बोक्याला आहे. त्याचंही नाव लाओग्वे. अकरा वर्षांपूर्वी मी समुद्रावर असताना मेइताओनं हे पिल्लू घरी आणलं आणि माझ्या हुद्द्याचं नाव त्याला ठेवलं. मला चिडवायलाच ठेवलं असणार.

मी एकसष्ट वर्षांचा. पस्तीस वर्षं जहाजावर, दरवर्षी नऊ महिने पाण्यावर आणि तीन महिने घरी. आम्हाला मूलबाळ नाही. पुढचं जहाज जूनमध्ये आहे. तोवर प्लॅस्टर निघेल आणि मेइताओचं काम मेइताओकडे जाईल.

डोस: पाच युनिट, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. जहाजावरच्या पहाऱ्यासारखंच आहे. जमेल.

३ मार्च

जमलं नाही.

मेइताओ खुर्चीत बसून सूचना देत होती. "मानेमागची कातडी तंबूसारखी उचल. अरे, तो बोका आहे, पाना धरल्यासारखा धरू नकोस." सुई एका बाजूनं आत गेली आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. केस ओले झाले. मी दुसरी सुई भरायला घेतली तर ती ओरडली, "नको. किती आत गेलं माहीत नसेल तर परत द्यायचं नाही. साखर खाली गेली तर तासाभरात मरेल तो. वर गेली तर एक दिवस चालतं."

इंजिनात तेल कमी पडलं तर धोका आणि जास्त झालं तर फक्त घाण, असा माझा अनुभव. इथे उलट आहे. लिहून ठेवतो.

बोक्यानं माझ्याकडे पाहिलं. हा पाहुणा किती दिवस राहणार आहे, असा तो चेहरा होता.

७ मार्च

आता सुई जमते. कानाच्या कडेला बारीक टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, हेही जमतं. आधी कान हातात धरून गरम करायचा असतो. दोन मिनिटं बोक्याचा कान मुठीत धरून बसावं लागतं. त्या दोन मिनिटांत करायचं काय? आज मेइताओ बोलत होती. कोणत्या मासेवाल्याचा तराजू खोटा, कोणत्या शेजाऱ्यानं घर विकलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. कान गरम झाल्यावरही मी थोडा वेळ धरून ठेवला, कारण गोष्ट अर्धी राहिली असती.

साखर ४७०. ही फार आहे. जनावरांच्या डॉक्टर येन म्हणाल्या, सहा युनिट करा.

१२ मार्च

याची भूक बघून मला जुन्या कोळशाच्या जहाजांची आठवण होते. कितीही टाका, जळून जातं. डॉक्टरच्या सांगण्यावरून सगळं कोरडं खाणं बंद केलं आहे. त्यात पीठ असतं. आता डब्यातलं ओलं खाणं आणि उकडलेली कोंबडी, चार वेळा, तोलून. खाणं संपलं की तो वाटी चाटतो, मग वाटीखालची फरशी चाटतो, मग माझा बूट.

काल त्यानं सुकवलेल्या माकूळ माशांची पिशवी कपाटाचं दार उघडून काढली. मी दाराला कडी लावली. आज त्यानं कडी काढली. त्याचे पंजे हे असले, जाडजूड. इंजिनरूममध्ये कामाला येईल हा.

वजन साडेसात किलो. मला वाटायचं साखरेच्या रोगानं जनावर वाळतं. हा फुगतोय.

मेइताओ डाव्या हातानं भात खाते. अर्धा टेबलावर सांडतो आणि लाओग्वे तिच्या खुर्चीखालीच मुक्काम ठोकून असतो. भात म्हणजे साखरच. म्हणून आजपासून मी तिला भरवतो. शास्त्रीय कारणासाठी.

ती म्हणाली, "चमचा जरा लहान भर. मी बॉयलर नाही."

१९ मार्च

गळती सापडली.

वहीतले आकडे मी कागदावर रेघेनं जोडले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साखर साडेपाचशेच्या वर. बाकीच्या दिवशी साडेचारशे. म्हणजे मंगळवारी आणि शुक्रवारी कुठूनतरी इंधन येतंय. आज शुक्रवार. दुपारी तीनला मी मागच्या दारात पालथ्या बादलीवर पेपर धरून बसलो.

सव्वातीनला शेजारच्या छाय आजी आल्या. वय ब्याऐंशी. मंदिरासमोर त्यांच्या मुलाची माशाच्या पिठाच्या भज्यांची गाडी आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी आजी तिथून उरलेली भजी आणतात. खाली वाकून त्यांनी कागदाची पुडी उघडली. लाओग्वे कुठूनतरी उगवला. याला म्हणतात घोडं कुठे पेंड खातंय ते सापडणं.

"आजी," मी म्हणालो.

आजी दचकल्या नाहीत. "काय रे, घरात आहेस होय? मला वाटलं समुद्रावर असशील."

"त्याला डायबिटीस आहे. भजी चालत नाहीत."

"मला पण आहे. मी खाते."

"आजी, त्यात पीठ असतं, वर साखर घालतात."

"नखाएवढं देते."

"तीन भजी होती. मी मोजली."

आजींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "इतकी वर्षं हिनं एकटीनं सांभाळला त्याला. तेव्हा मोजायला कोणी बसलं नव्हतं." मग पुडी गुंडाळून म्हणाल्या, "संध्याकाळी दारात उभी राहून हाक मारायची, 'लाओग्वे, चल जेवायला.' अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. बोका पायाशी असला तरी मारायची."

बोक्याला कमी ऐकू येत असेल. डॉक्टरला विचारायला हवं.

(आजींशी करार झाला: भजीऐवजी मी दिलेली उकडलेली कोंबडी त्यांनी त्याला द्यायची, म्हणजे त्यांचंही मन राहील.)

२ एप्रिल

भजी बंद होऊन दोन आठवडे झाले. डोस नऊ युनिटवर आला. साखर ४४०. पालथ्या घड्यावर पाणी.

आज डॉक्टर येननी विचारलं, "काका, सुई नीट जाते ना? इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवता ना?" मला राग आला. पस्तीस वर्षांत माझ्या पंपाला कोणी हात लावला नाही. मी वही उघडून पुढे केली. आकडे, तास, खाण्याचं वजन, आलेख दोन रंगांत.

त्यांनी सगळी पानं पाहिली. चष्मा काढून पुसला. वयानं त्या माझ्या भाचीएवढ्या असतील. "असं कोणी आणत नाही मला," म्हणाल्या. "म्हणजे देणाऱ्याची चूक नाही. औषधाची नाही. शरीरात दुसरंच काहीतरी औषधाच्या विरुद्ध ढकलतंय."

मग त्यांनी लाओग्वेचा जबडा चाचपला, पंजे उलटे करून पाहिले. "मावशी, हा पूर्वीपासून असाच रुंद आहे का तोंडानं?"

मेइताओ म्हणाली, "असाच आहे. बोका आहे, रुबाब आहे त्याचा."

"घोरतो?"

"याच्यासारखा," म्हणून तिनं माझ्याकडे बोट केलं.

"जुने फोटो आहेत?"

मेइताओकडे नव्हते. ती म्हणाली, रोज समोर असतो त्याचे फोटो कोण काढतं.

माझ्याकडे होते.

३ एप्रिल

दर सुटीत परत निघायच्या दिवशी माझी पत्र्याची पेटी दारात ठेवलेली असते आणि बोका तिच्यावर चढून बसतो. मी दर वेळी एक फोटो काढतो. का, ते सांगता येणार नाही. जहाजावर बघायला असावा म्हणून. अशी अकरा वर्षं. पेटी तीच, दार तेच, बसण्याची जागा तीच.

आज ते सगळे ओळीनं लावले. चार वर्षांपूर्वीपर्यंत टोकदार हनुवटीचा, सडपातळ. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत तोंड रुंद होत गेलंय. कपाळ जाड. पेटीच्या कडेला टेकलेले पंजे आधी खिळ्याच्या डोक्याइतके दिसायचे, आता झाकणाच्या कोपऱ्याइतके. शेवटच्या फोटोत तर हा दुसराच कोणी बोका आहे.

दवाखान्यात डॉक्टर येन फोनच्या पडद्यावर बोट सरकवत गेल्या, मागे आल्या, परत पुढे गेल्या. "काका, घरात रोज पाहणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. मावशींचा दोष नाही. हे फक्त अधूनमधून येणाऱ्या माणसालाच दिसतं."

त्यांचा संशय असा आहे: मेंदूखालच्या इवल्याशा ग्रंथीवर गाठ असते, ती वाढीचं संप्रेरक ओतत राहते. म्हातारा बोका पुन्हा वाढायला लागतो आणि इन्सुलिनला दाद देत नाही. रोगाचं नाव ॲक्रोमेगॅली. रक्त तैपेईला पाठवलं. निकालाला तीन आठवडे.

परतताना बसमध्ये मेइताओ फोटो बघत होती. बोक्याचे बघते आहे असं मला वाटलं. मग ती म्हणाली, "या सगळ्यांत दारात मी पण उभी आहे." खरंच होती, मागे, कडेला, अर्धी. मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

"मी पण रुंद झालेय का?" तिनं विचारलं.

मी नीट पाहून सांगितलं की केस पांढरे झालेत, बाकी मापात आहे. ती खिडकीकडे तोंड करून हसत राहिली. विनोद काय झाला ते कळलं नाही.

१५ एप्रिल

प्लॅस्टर निघालं. मनगट बारीक आणि पांढरं झालंय. मी म्हणालो, आता सुई तू दे, मी बघतो. तिनं सिरिंज धरली, दट्ट्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "जोर येत नाही."

हाडाच्या डॉक्टरनी तर सगळं उत्तम आहे म्हणून सांगितलं होतं. पण मनगट तिचं आहे, तिलाच ठाऊक.

डोस अकरा.

२६ एप्रिल

निकाल आला. आकडा कागदावर मावेना: 'एक हजारपेक्षा जास्त', पुढे यंत्रानं मोजायचंच सोडून दिलं. डॉक्टरांचा संशय खरा.

मेइताओनं घरी आल्यावर कांद्याची पात चिरायला घेतली. खाली पातीचा ढीग झाला तरी चिरत होती. मी म्हणालो, इतकी पात कशाला. ती म्हणाली, "एवढी वर्षं माझ्या मांडीवर बसलाय. मला दिसलं कसं नाही?"

डॉक्टरनी सांगितलं तेच मी सांगितलं, रोज पाहणाऱ्याला दिसत नाही.

"तुला बरं दिसलं."

"मी नसतो म्हणून दिसलं."

हे बोललो आणि मला वाटलं काहीतरी चुकीचं बोललो. पण वाक्य बरोबरच होतं. मी पुन्हा तपासून पाहिलं.

३० एप्रिल

उपाय तीन. जपानला नेऊन गाठ काढायची. मशीनच्या किरणांनी जाळायची, त्यासाठी पुन्हापुन्हा भूल. किंवा रोज एक छोटी गोळी. काही मांजरांना लागू पडते, काहींना अजिबात नाही. मेइताओ म्हणाली, अकरा वर्षांच्या बोक्याला विमानात घालणार नाही. मी म्हणालो, गोळी. पहिल्यांदाच आमचं दोघांचं एका झटक्यात एकमत झालं. डॉक्टर म्हणाल्या, गोळी लागू पडली तर इन्सुलिनची गरज भराभर उतरेल, तेव्हा सकाळची साखर दीडशेच्या खाली दिसली तर सुई द्यायची नाही, आधी मला फोन करायचा. लाल शाईनं लिहून घेतलं.

११ मे

गोळी सुरू होऊन दहा दिवस. डोस चौदा, साखर चारशेवीस. काही नाही.

गोळी देणं हा वेगळा धंदा आहे. कोंबडीत लपवली तर कोंबडी खाऊन गोळी थुंकतो. आज गोळी माझ्या चपलेत सापडली. शेवटी मेइताओनं त्याला मांडीत घेऊन, जबडा दोन बोटांनी उघडून, ती एका क्षणात घशात टाकली. उजव्या हातानं.

दुपारी बांबूच्या लोणच्याची बरणी मला उघडेना. तिनं घेतली आणि उघडून दिली. संध्याकाळी सहाला म्हणाली, मनगट भरून आलंय, सुई तूच दे. मनगटाचं मला काही कळत नाही. सकाळी बरं, संध्याकाळी वाईट. हवामानाचा परिणाम असेल. इथे पाऊस फार.

२९ मे

कंपनीचा फोन आला. जहाज बारा जूनला काओश्युंग बंदरातून निघतंय. मी म्हणालो, यंत्र चाचणीवर आहे, सोडून येता येत नाही. कोणतं यंत्र, त्यांनी विचारलं. घरचं, मी म्हणालो. त्यांनी दुसऱ्याला पाठवायचं ठरवलं आणि मला जुलैच्या मध्याचं जहाज दिलं. मेइताओला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. जुलैपर्यंत होईल माझं मनगट." आणि रात्रीच्या जेवणाला, कुठलाही सण नसताना, खेकडा केला.

१४ जून

३१०.

मीटर बिघडलं असेल म्हणून दुसऱ्या पट्टीवर पाहिलं. ३०४.

मेइताओला हाक मारली. ती ओल्या केसांनी आली, आकडा पाहिला आणि माझ्या पाठीत जोरात थाप मारली. पाठ अजून दुखते. डोस बारा.

२७ जून

२४०. डोस नऊ. तो वाटी चाटून झाल्यावर निघून गेला. फरशी चाटली नाही. आम्ही दोघं रिकामी फरशी बघत उभे होतो. छाय आजी मागच्या दारातून म्हणाल्या, "काय हरवलंय?"

८ जुलै

हे आज लिहिलंच पाहिजे, जसं झालं तसं.

आज माझी जहाजावर जाण्याआधीची वैद्यकीय तपासणी होती, बंदराजवळच्या एका दवाखान्यात, साडेआठला. सकाळी सहाला साखर १४६. दीडशेच्या खाली. लाल शाईचं वाक्य समोर होतं. मी घाईत होतो, कागद सापडत नव्हते, बूट सापडत नव्हते. चारचाच तर फरक, म्हटलं, आणि नऊ युनिट दिले. मेइताओ तेव्हा दूध आणायला गेली होती. तिला सांगितलं नाही.

दहाच्या सुमाराला नर्स माझ्या दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब घेत होती. फोन वाजला. मेइताओ धापा टाकत होती. "तो पडलाय. पाय मारतोय. हिरड्यांना मध चोळला. डॉक्टरकडे निघालेय." पट्ट्यातली हवा तेव्हाच उतरत होती. नर्स म्हणाली, "एकशे अठ्ठ्याहत्तर." मी पट्टा काढून निघालो.

पोहोचलो तेव्हा लाओग्वे टेबलावर होता, पायाला नळी. साखर अडतीस होती, आता सत्तर. डोळे उघडे होते पण बघत नव्हते. मग साधारण अकराला त्याच्या कानाची टोकं हलली आणि त्यानं डॉक्टर येनचा हातमोजा चाटला. डॉक्टर म्हणाल्या, "मावशींनी मध लावला नसता आणि दहा मिनिटं उशीर केला असता तर आटोपलं होतं."

मी सगळं सांगितलं. १४६, लाल शाई, नऊ युनिट, बूट. डॉक्टरांनी ते कार्डावर लिहून घेतलं. मेइताओ बाहेरच्या बाकावर होती. मी तिच्याशेजारी बसलो आणि तिलाही सांगितलं. मला वाटलं रडेल किंवा ओरडेल.

ती म्हणाली, "जायच्या दिवशी तू दर वेळी असाच असतोस. पेटी दारात असते, तू अजून घरात असतोस, पण तू गेलेला असतोस. तुझ्याशी काही बोलायला गेलं तर ऐकू जात नाही तुला."

"दर वेळी?"

"दर वेळी."

चूक माझी आहे. नोंद केली.

एक गोष्ट आणखी. आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत एकशेबारा पायऱ्या. बोक्याचं वजन आठ किलो शंभर ग्रॅम. ती त्याला दोन्ही हातांवर उचलून, धावत, घेऊन गेली.

९ जुलै

लाओग्वे घरी आला. आल्याआल्या वाटीपाशी गेला आणि आमच्याकडे वळून असा ओरडला की जणू उपाशी आम्ही ठेवलं होतं. गोळी त्याला लागू पडली आहे, इतकी की आम्हीच मागे राहिलो. नवा डोस तीन युनिट.

संध्याकाळी सहाला मी सिरिंज भरली आणि मेइताओपुढे धरली. "आज तू दे."

तिनं सिरिंजकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मनगट अजून..." म्हणाली.

"हं," मी म्हणालो, आणि सुई मीच दिली. तिनं त्याचं डोकं धरलं होतं.

मनगटाचं मी काही बोललो नाही. चालू यंत्र नुसतं कुतूहलापोटी उघडू नये.

२४ जुलै

दवाखान्यातून फोन आला, रक्तदाब पुन्हा तपासायला या, एवढ्या दाबावर जहाजावर पाठवता येत नाही. मी म्हणालो, सवड झाली की येतो. कंपनीचाही आला. त्यांना सांगितलं, रक्तदाब.

मेइताओ आपल्या घरच्या मशीनवर रोज माझा दाब बघते. एकशे चोवीस. ती म्हणते, हे मशीन खोटं असेल. मी म्हणालो, असेल.

२५ ऑगस्ट

भुतांचा महिना. आज गल्लीत दारोदार टेबलं मांडली होती: अख्खी कोंबडी, मासे, फळं, दारू, भटक्या आत्म्यांसाठी. आमच्याकडे मेइताओनं वाफवलेला मोठा लाल मासा ठेवला होता. उदबत्ती लावून आम्ही आत गेलो, दहा मिनिटांनी बाहेर आलो तर माशाचा फक्त काटा. स्वच्छ, डोक्यासकट, शाळेतल्या तक्त्यावर असतो तसा.

लाओग्वे टेबलाखाली पंजा चाटत होता.

मी त्याला धरायला निघालो तर छाय आजींनी माझा हात धरला. मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आत्मे येऊन गेले. तुझ्याच घरी पहिले आले. फार चांगलं." शेजारपाजारचे येऊन काटा बघून गेले. एकानं फोटो काढला. मेइताओचं हसू थांबेना, ती दाराला टेकून, पोट धरून हसत होती. मी तिला असं हसताना याआधी कधी पाहिलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला.

संध्याकाळची साखर २०१. माशात पीठ नसतं. माफ.

६ ऑक्टोबर

डॉक्टर येन म्हणाल्या, दोन महिने झाले, आकडे सरळ रेषेत आहेत. "काका, दोन सुयांच्या मध्ये बारा तास असतात. दोघं जरा बाहेर पडा. तो झोपतोच दिवसभर."

घरी आल्यावर मी मेइताओला विचारलं, बारा तास मिळाले तर काय करावं. ती म्हणाली, "मी तर उद्या पोहायला जाणार आहे. हाडाचे डॉक्टर म्हणाले, आता परत सुरू करा."

"परत म्हणजे?"

"समुद्रात. मी नऊ वर्षं जातेय ना."

मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "तू घरी असलास की नाही जायचे. तुझं जेवण असायचं."

७ ऑक्टोबर

सकाळी सहाला तीन युनिट. सातच्या बसनं हेपिंग बेटावर. खडकांमध्ये समुद्राचं पाणी अडवून केलेला तलाव आहे. तिथे सात-आठ बायका, सगळ्या साठीच्या पुढच्या, रंगीत टोप्या घालून. मेइताओला बघून सगळ्यांनी एकच गलका केला. मनगट कसं आहे, बोका कसा आहे. मग एकीनं माझ्याकडे हनुवटीनं खूण केली. "हे कोण?"

"नवरा."

"आहे होय?" ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, तू मनानं रचून सांगतेस."

मेइताओ खडकावरून सरळ उडी मारून पाण्यात गेली. दोन हात, तीन हात, आणि पार पलीकडे. मी कपडे सांभाळत बसलो. पस्तीस वर्षं पाण्यावर काढली. इंजिनरूम पाण्याच्या पातळीच्या खाली असते. पाण्यात माणूस असा दिसतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

ती परत आली, काठाला हात टेकून म्हणाली, "ये."

"मला जीवरक्षक जाकिटाशिवाय येत नाही."

बायका हसल्या. "लाओग्वेला पोहता येत नाही," एकीनं दुसरीला सांगितलं, आणि ते तलावभर गेलं.

मी चड्डीवर उतरलो. गुडघे, कंबर, छाती. पाणी सत्तावीस अंश असावं. मेइताओनं तळहात माझ्या पाठीखाली घातला. उजवा.

"पाठ टाक पाण्यावर. मान सैल सोड. मी धरलंय."

"धरलंयस ना?"

"धरलंय. आभाळाकडे बघ."

आभाळ आज मोकळं होतं. कान पाण्यात बुडाले की बायकांचा आवाज लांब जातो, आपला श्वास तेवढा ऐकू येतो. मी बराच वेळ तसा होतो. मग विचारलं, "अजून धरलंय?" उत्तर आलं नाही. मान वळवून पाहिलं तर ती चार हात दूर उभी होती, दोन्ही हात कमरेवर.

तेवढं पाहिलं आणि बुडालो. तिनं केसांना धरून वर काढलं.

पाचला घरी. साखर १८८, सहाला तीन युनिट. उद्या पुन्हा जायचं आहे. ती म्हणते, मी पाय फार मारतो.